आधी मुलांचे फोन बघ

सातारा

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नेमणूक तासिका तत्त्वावर, त्यात ऑनलाइन कोर्स गळ्यात पडलेला आणि शिकवणाऱ्याला शिकवणारं कुणी नाही. तुझा वैताग रास्त आहे. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं विचारलं आहेस. सॉफ्टवेअर नंतर, आधी मुलांचे फोन बघ.

पाटणच्या नाहीतर जावळीच्या खोऱ्यात डोंगराआड रेंज कशी असते, हे तुला सांगायला नको. कितीतरी घरांत फोन एकच, तोही वडील रानात घेऊन जातात. कोर्स सुरू होण्याआधी एकेकाशी बोल: फोन कुणाचा, रेंज कधी येते, रोजचा डेटा किती. यासाठी गुगल फॉर्म पाठवू नकोस. नेट असलेलेच तो भरतील, आणि ज्यांची माहिती हवी तेच राहून जातील.

मग हिशेब कर. एक एमबीपीएसने चालणारा तासाभराचा व्हिडिओ सुमारे ४५० एमबी खातो. तोच मुद्दा वीस मिनिटांत, नुसत्या आवाजात, ३२ केबीपीएसने रेकॉर्ड केलास तर पाच एमबीच्या आत बसतो. जोडीला मागणी-पुरवठ्याच्या आलेखाचा हाताने काढलेल्या कागदाचा फोटो दे. 'कमवा आणि शिका'तली मुलं कामावर असतात, त्यांनाही हे रात्री ऐकता येईल. थेट तास शंकांसाठी ठेव, आणि कॅमेरा चालू करा म्हणून कुणाला अडवू नकोस. मागे घरची माणसं वावरत असतात, पोरींना संकोच वाटतो.

तुझ्या श्रीलिपीतल्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधल्या, नोट्सचं मात्र मनावर घे. तो मजकूर मूडलमध्ये, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तसाच चिकटवलास तर भलत्याच चिन्हांचा गुंता दिसेल. पीडीएफ केलीस तर डोळ्यांना ठीक दिसेल, पण त्यात शब्द शोधता येणार नाही, आणि अंध विद्यार्थ्याचा फोन ती धड वाचून दाखवणार नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या लिपीत, आण. कन्व्हर्टरवर विसंबू नकोस. रफार आणि जोडाक्षरं स्वतः तपास. काम किचकट आहे, पण एकदाच करायचं आहे.

'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठामुळे आपली गरज संपेल, अशी तुला धास्ती वाटते. ते २०१७ साली सुरू झालं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घ्यायची मुभा दिली, हे खरं. व्हिडिओ, वाचन, चर्चा आणि चाचणी असे तिथल्या कोर्सचे चार भाग असतात. त्यातली चर्चा तुझ्याइतकी आपुलकीने दिल्लीहून कोण करणार? तिथे जीव ओत.

परीक्षेचंही तसंच. पर्यायी प्रश्नांची उत्तरं पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यापेक्षा 'घरच्या किंवा शेजारच्या उसाचा एकरी खर्च मांड आणि त्यातला स्थिर खर्च कोणता ते सांग' असं विचार. बियाणं, लागण, खत, पाणीपट्टी यांचे आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील. तपासायला वेळ लागेल, पण मुलं शिकतील.

या सगळ्याला लागणारे तास तुझ्या कार्यभारात धरले जात नाहीत, हा अन्याय आहे. रेकॉर्डिंग, टायपिंग, तपासणी यांची तारीखवार नोंद ठेव आणि विभागप्रमुखांना लेखी दे. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिली ऑडिओ मला पाठव, ऐकून कळवतो. आईंना नमस्कार सांग.

तुझे,
सर