छताच्या कड्यांवर खोली पेलेल का?

प्रश्न : आमच्या छताला ५० × १५० मिमीच्या लाकडी कड्या असून त्या मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी अंतरावर बसवल्या आहेत. दोन भिंतींमधला गाळा ३.६ मीटर आहे. वीस वर्षांत कड्या वाकल्या नाहीत, तेव्हा वर फळ्या ठोकून अभ्यासिका करायला हरकत नाही, असे सुतार म्हणतात. हे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : कड्या वीस वर्षे वाकल्या नाहीत हे खरे असले, तरी त्या वीस वर्षांत त्यांच्यावर फारसा भारच नव्हता. वापरात नसलेल्या माळ्यासाठी छताच्या कड्यांवर दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो चल भार, म्हणजे माणसे-सामान यांचा बदलता भार, धरतात. माणसे वावरणाऱ्या खोलीसाठी तोच भार सुमारे २०० किलो धरावा लागतो. पुस्तकांची भरलेली कपाटे ओळीने उभी राहणार असतील, तर हाही आकडा अपुरा पडतो.

तुमची प्रत्येक कडी ४०० मिमी रुंदीच्या पट्ट्याचा भार घेते, म्हणजे लांबीच्या दर मीटरला ८० किलो. मध्यम प्रतीच्या लाकडाचा यंगचा गुणांक, म्हणजे त्याच्या ताठपणाचे माप, दर चौरस मिमीला १०,००० न्यूटन धरून हिशेब केला, तर कडी मध्यभागी सुमारे १२ मिमी लवते. जमिनीसाठी चल भाराखालची लवण गाळ्याच्या ३६० व्या भागापेक्षा, म्हणजे तुमच्याकडे १० मिमीपेक्षा, जास्त नसावी असा प्रचलित दंडक आहे. लाकूड निरोगी असेल तर कडी बहुधा मोडणार नाही. पण चालताना जमीन झुलेल आणि खालच्या गिलाव्याला तडे जातील. लाकडी जमिनीचा सुरक्षित गाळा पुष्कळदा मोडण्यापेक्षा अशा लवण्यावरूनच ठरतो, आणि ‘कडी मजबूत आहे’ या सुताराच्या शब्दात नेमकी हीच बाब सुटते.

दर मीटरचा भार तोच ठेवला, तर लवण गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढते, ३.६ मीटरचा गाळा ४.५ मीटर केला की ती जवळपास अडीचपट होते. उलट, कडीची उंची वाढली की लवण उंचीच्या तिसऱ्या घाताने घटते, रुंदी वाढवल्यास मात्र केवळ त्याच प्रमाणात. कडी आडवी न ठेवता उभी का बसवतात, याचे उत्तर यातच आहे. तुमच्याच गाळ्यात २०० मिमी उंचीची कडी सुमारे ५ मिमीच लवेल.

तेव्हा जुन्या प्रत्येक कडीला लागून २०० मिमीची नवी कडी दोन्ही भिंतींवर टेकवावी. उंची परवडत नसेल, तर जुन्या कडीच्याच मापाची जोडकडी पूर्ण लांबीभर बोल्टने आवळावी. लवण सुमारे ६ मिमीवर येईल. अर्धवट लांबीचे तुकडे ठोकून भागत नाही. खाली मध्यावर तुळई चालणार असेल तर तो सर्वांत भक्कम उपाय होय, मात्र तिचे खांब पायापर्यंत गेले पाहिजेत.

काम काढण्यापूर्वी कडीच्या खालच्या कडेने दोरी ताणून आजचा झोळ मोजावा आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकात पेचकस टोचून पाहावा. तो सहज रुतला तर तिथले लाकूड कुजले आहे आणि वरचा सगळा हिशेब त्या कडीला लागू नाही. विजेच्या नळीसाठी मधल्या तिसऱ्या भागात कडीच्या कडेला खाच मुळीच घेऊ देऊ नये. भोक पाडायचेच असेल, तर ते उंचीच्या मध्यरेषेवर पाडावे आणि त्याचा व्यास उंचीच्या एकतृतीयांशाहून कमी ठेवावा. लाकडाची जात व प्रत पाहून अंतिम मापे संरचना अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावीत.