अँजिओप्लास्टीनंतर स्ट्रेस थॅलियम करावी की थेट परत अँजिओग्राफी?

तुमच्या सासऱ्यांना दोन स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळी) टाकून सात महिने झालेत, जिना चढताना परत छाती जड होतेय, डॉक्टर स्ट्रेस थॅलियम (हृदयाला ताण देऊन त्याच्या स्नायूत रक्त कुठे किती पोचतं ते बघायची टेस्ट) सांगतायत आणि तुम्ही म्हणताय थेट अँजिओग्राफीच करून टाकू. आमच्या बाबांच्या वेळी मी पण हाच हट्ट धरला होता म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अँजिओग्राफीत मोठ्या नसा दिसतात. पण स्नायूला रक्त देतात त्या पुढच्या केसाहून बारीक वाहिन्या, आणि त्या त्यात दिसतच नाहीत. अटॅकमध्ये कधीकधी स्टेंट मस्त बसतो तरी पुढे रक्त उतरत नाही, त्याला नो-रिफ्लो म्हणतात. थॅलियममध्ये (नाव तेच राहिलंय, आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी औषध देतात, त्याच्या किरणांचा जोर दर 6 तासांनी निम्मा होतो) जिथे जेवढं रक्त पोचतं तेवढं औषध स्नायू उचलतो आणि कॅमेरा तेच टिपतो.

बाबा नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर अर्ध्यात बसले होते तेव्हा आम्ही ही टेस्ट केली. रिपोर्टमध्ये वरच्या ओळीत ताण दिल्यावरचे फोटो, खाली आरामातले, सगळी गोल कडी. एका कड्याची खालची बाजू वरच्या ओळीत फिकी आणि खालच्या ओळीत पूर्ण भरलेली. डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं, स्नायू जिवंत आहे पण ताण आला की रक्त कमी पडतंय. दोन्हीकडे फिकं असतं तर बहुतेक जुन्या अटॅकचा व्रण. नंतर अँजिओग्राफीत स्टेंटच्या आतच परत अरुंद झालेलं निघालं, पण आता कुठे बघायचं ते डॉक्टरांना आधीच माहीत होतं.

काही त्रास नसेल तर मात्र उगाच दरवर्षी करू नका, 2022 च्या कोरियातल्या पोस्ट-पीसीआय (पीसीआय म्हणजे अँजिओप्लास्टी) अभ्यासात जास्त जोखमीच्या पेशंटनाही अँजिओप्लास्टीनंतर वर्षाने नेमाने टेस्ट करून दोन वर्षं होईपर्यंत फायदा दिसला नव्हता. आणि बसल्याजागी दुखायला लागलं तर टेस्टची तारीख वगैरे बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

चहाचं नक्की लक्षात ठेवा. आम्हाला फोनवर फक्त उपाशी या सांगितलं, बाबांनी वाटेत द्वारका चौकात अर्धा कप चहा घेतला आणि सेंटरवरून परत पाठवलं, कारण ताण एरवी पट्ट्यावर चालवून देतात, पण चालता येत नसेल तर नसा फुलवायचं इंजेक्शन देतात आणि कॅफिनमुळे त्याचा परिणाम होत नाही. चहा, कॉफी, चॉकलेट, कोला 24 तास आधीपासून बंद. दमा असेल तर आधीच सांगा. बीपीच्या गोळ्या मनाने थांबवू नका, कुठली कधी बंद करायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.