शेतकरी कंपनीच्या वेबसाइटसाठी पर्सोना बनवावेत का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची साइट करताय आणि पर्सोना (साइट वापरणाऱ्या लोकांशी बोलून, त्यांचा प्रतिनिधी म्हणून उभं केलेलं काल्पनिक माणूस) म्हणजे नुसता कागदी सोपस्कार आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: जरूर बनवा, पण ऑफिसात बसून नको.

सॉफ्टवेअर डिझायनर ॲलन कूपर यांनी 1999 मध्ये ही पद्धत मांडली. त्यामागचं कारण असं की ‘युजर’ म्हटलं की जो तो त्याला आपल्या सोयीने ताणतो. आपल्याकडे ‘शेतकरी’चं तेच होतं. संचालकांना तो योजना वाचणारा वाटतो, प्रोग्रामरला फॉर्म भरणारा.

जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथे जाऊन बोला. ‘साइटवर काय हवं?’ असं विचारू नका. ‘मागच्या वेळी माल आणायचं कसं ठरवलं?’ हे विचारा. आम्ही अशी साइट केली तेव्हा मला अशाच रांगेत एक काका भेटले. उन्हात हाताचा आडोसा करून पुतण्याने पाठवलेला भावाचा स्क्रीनशॉट दोन बोटांनी मोठा करून पाहत होते. भाव दिसला, तरी पहिला प्रश्न ‘ओलावा किती धरतात?’ हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापतात आणि 12 च्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे ओलाव्याशिवाय नुसता भाव त्यांच्या कामाचा नाही.

त्यातून आमचा मुख्य पर्सोना झाला: कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर, गाडी भाड्याची, फोनवर टाइप करत नाहीत, उद्या गाडी भरायची की थांबायचं हे रात्री ठरवतात. दुसरा, शहरात नोकरी करणारा पुतण्या. साइट उघडतो तो, वाचतात काका! म्हणून तारीख, केंद्र, भाव, ओलाव्याची मर्यादा आणि उद्या खरेदी सुरू की बंद, हे सगळं एकाच स्क्रीनशॉटमध्ये मावेल असं पान केलं. भाव पाहायला लॉगिन लागायचं, ते काढलं. संचालकांचे फोटो खाली गेले. त्यावर बरीच चर्चा झाली, पण ‘काकांना आज रात्री याचा उपयोग काय?’ या प्रश्नापुढे कुणाचं फार चाललं नाही.

पर्सोना दोन-तीन पुरेत. आवडता रंग, छंद वगैरे भरू नका. ज्याने एखादा निर्णय बदलतो तेवढंच लिहा. बचत गटाचा हिशोब फोनवर ठेवणाऱ्या बायांशीही बोला, त्यांची गरज वेगळी निघू शकते. आणि भेटलेल्या माणसाचं खरं नाव किंवा फोटो पर्सोनावर लावू नका. गावात लगेच ओळखू येतं.