‘थांब, आलोच!’ यातला काळ कोणता?

साताऱ्याहून एका वाचक ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा मुलगा सहावीत आहे. व्याकरणाच्या चाचणीत ‘आईने हाक मारली तेव्हा राजू म्हणाला, आलो!’ या वाक्यातल्या ‘आलो’चा काळ ओळखायचा होता. मुलाने ‘भविष्यकाळ’ लिहिलं. त्यावर फुली पडली आणि शेजारी ‘भूतकाळ’ असं लिहून आलं. मुलगा घरी येऊन हटून बसला की राजू अजून आलेलाच नाही, मग भूतकाळ कसा? ताई विचारतात, कोण बरोबर? आणि हे फक्त मराठीतच होतं का? आपणच बोलायला सैल आहोत का?

ताई, मुलाचा कान पक्का आहे, आणि शाळेतलं उत्तरही पुस्तकाला धरून आहे. घोटाळा ‘भूतकाळ’ या नावात आहे. त्या एका नावाखाली आपण दोन गोष्टी ठेवल्या आहेत. एक, क्रियापदाचं रूप. दुसरी, घटना घडण्याची वेळ. बहुतेक वाक्यांत दोन्ही जुळतात, म्हणून नाव खपून जातं. ‘आलो’मध्ये त्या सुट्या होतात.

याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या सातारा-सांगलीकडच्या बोलीतच आहे. आपण तीन रूपं बोलतो: आलो, आलोय, आलतो. सांगली स्टँडवर तुमची वाट बघत कुणीतरी उभं आहे आणि तुम्ही फोनवर म्हणालात, ‘स्टँडवर आलोय’, तर तुम्ही तिथे असलंच पाहिजे. स्टँडपासून लांब, विश्रामबागेत बसून ‘आलोय’ म्हणणं हे सरळ खोटं. ‘मघाशी आलतो, तुम्ही नव्हता’ म्हणालात, तर येणंही झालं आणि परत जाणंही झालं. पण त्याच विश्रामबागेतून ‘आलो, आलो, पाच मिनिटांत आलो’ म्हणालात, तर कुणी तुम्हाला खोटारडा म्हणणार नाही. उशीर झाला तर रागावतील, तो भाग वेगळा.

असं का होतं ते रूपं सोडवली की दिसतं. ‘आलोय’ म्हणजे ‘आलो आहे’. ‘आलतो’ म्हणजे ‘आलो होतो’. वेळ सांगायचं काम ‘आहे’ आणि ‘होतो’ करतात. ते काढून घेतले की नुसत्या ‘आलो’त उरतं ते एवढंच: येणं पुरं झालं, किंवा पुरं झाल्यात जमा आहे. प्रत्यय ‘ला’चा मूळ अर्थ पूर्णतेचा आहे. ती पूर्णता काल होती, आत्ता आहे की दोन मिनिटांनी येणार, हे संदर्भ ठरवतो. एरवी काही सांगितलं नसेल तर पुरं झालेलं काम मागचंच असतं, म्हणून शाळेत त्याला भूतकाळ म्हणतात.

सैलपणाचं म्हणाल, तर या वापराला चांगले कडक नियम आहेत आणि ते आपण कुणी न शिकवता पाळतो. ‘आत्ता आलो’, ‘लगेच आलो’, ‘दोन मिनिटांत आलो’ चालतं. ‘थांब, पुढच्या सोमवारी आलो’ चालत नाही. नकार तर मुळीच चालत नाही. येणार नसल्याचं सांगायला ‘थांब, नाही आलो’ असं कुणी म्हणणार नाही, तिथे ‘येत नाही’ किंवा ‘येणार नाही’च लागतं. जी गोष्ट होणारच नाही तिला पूर्णता कुठून येणार? प्रश्नातही जमत नाही, ‘आलास का?’ म्हटलं की पोचल्याचीच चौकशी होते. क्रियापदंसुद्धा निवडक लागतात. ‘निघालो’, ‘पोचलो’, ‘चहा आणला’, ‘झालंच’, ‘दिलं करून’, हे सगळं घडण्याआधी म्हणता येतं, कारण या क्रियांना टोक आहे. ‘दोन मिनिटांत वाट बघितली’ असं पुढच्या वेळेबद्दल म्हणून बघा, जीभ अडते. वाट बघण्याला स्वतःचं असं टोक नाही.

चुलीवरचं दूध फसफसून वर चढतं तेव्हा आपण काय ओरडतो? ‘गेलं, गेलं, दूध गेलं!’ दूध तेव्हा पातेल्यातच असतं. ते गेलेलं असतं तर ओरडण्यात अर्थ नव्हता. वाचवायचं आहे म्हणूनच ‘गेलं’ म्हणतो. झाडावर चढलेल्या पोराला ‘अरे, पडलास!’ म्हणतो तेही असंच. मला हा वापर मराठीच्या फार जिवंत वापरांपैकी एक वाटतो.

वाक्यात ‘तर’ किंवा ‘की’ आलं की वरची बंधनंही ढिली होतात. ‘तो उद्या आला तर सांग’, ‘सोमवारी पोचलास की फोन कर’, ‘पाऊस नाही आला तर?’ इथे उद्या चालतं, सोमवार चालतो, नकारही चालतो. कारण आपण मनातल्या मनात त्या क्षणापलीकडे जाऊन उभे राहतो आणि तिथून मागे बघून बोलतो.

आता हा ‘ला’ आला कुठून? संस्कृतात ‘गत’, ‘आगत’, ‘कृत’ ही धातुसाधितं आहेत: गेलेला, आलेला, केलेला. ती क्रियापदं नव्हेत, विशेषणांसारखी चालतात. प्राकृतात त्यांना ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि झिजत झिजत ‘गेला’, ‘आला’, ‘केला’ झालं. म्हणजे आपलं ‘आला’ हे जन्माने ‘आलेला’ आहे. याची खूण अजून रोज आपल्या तोंडी असते. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी केळं खाल्लं’. खाणारा तोच, तरी क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. ‘मया फलं खादितम्’, म्हणजे माझ्याकडून फळ खाल्लं गेलेलं, ही जुनी रचना तिथे आत बसलेली आहे. विशेषण आपल्या नामाप्रमाणे बदलतं, तसंच ते. आणि विशेषणाला स्वतःचा काळ नसतो: ‘उद्या आलेल्या पाहुण्यांना आधी चहा दे’ हे आपण सहज म्हणतो.

म्हणूनच मोरो केशव दामले यांच्या परंपरेतल्या मराठी व्याकरणांत ‘लाख्यात’ ही संज्ञा आढळते. ‘ल’ असलेलं आख्यात, म्हणजे क्रियापदाचं रूप, एवढंच. ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात ही नावं रूपावरून पाडली आहेत, वेळेवरून नाहीत. रूप एक आणि अर्थ अनेक असतात हे त्या लोकांनी ओळखलं होतं. शाळेत ही नावं मागे पडली आणि सरसकट ‘काळ ओळखा’ आलं, याचं मला वाईट वाटतं.

रूपं काळाला बांधलेली नसतात याचं आणखी एक उदाहरण इथे सांगून टाकतो. ‘आजी पहाटे उठे, जात्यावर दळण करी’ यातला ‘करी’ आपल्याला रीतिभूतकाळ, म्हणजे पूर्वीची सवय सांगणारा काळ, वाटतो. तो मुळात संस्कृतातल्या ‘करोति’चा, म्हणजे वर्तमानकाळाचा वंशज. त्याच ‘करी’ला ‘ल’ जोडला की ‘करील’ होतो, तो भविष्यकाळ! एका वर्तमानाच्या पोटी एक भूतकाळ आणि एक भविष्यकाळ.

संस्कृतच्या वैयाकरणांनी तुमच्या मुलाचा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. पाणिनीचं सूत्र आहे ‘वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा’ (३.३.१३१): वर्तमानाच्या जवळचा भूतकाळ किंवा भविष्यकाळ वर्तमानाच्या रूपाने सांगितला तरी चालतो. यावर काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण आहे. ‘देवदत्ता, कधी जाणार?’ असं विचारल्यावर तो म्हणतो, ‘एष गच्छामि’, हा निघालो. आणि पुढे, ‘गच्छन्तमेव मां विद्धि’, मी जातोच आहे असं समज. आपण ‘आलोच समज’ म्हणतो ना, त्यातलं ‘समज’ हे इथल्या ‘विद्धि’सारखंच आहे. हे वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

लगेच पुढचं सूत्र, ‘आशंसायां भूतवच्च’ (३.३.१३२): मनात आशा असेल तर पुढच्या गोष्टीला भूतकाळाचंही रूप चालतं. या सूत्रांच्या चर्चेत पतंजलींनी महाभाष्यात, पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात, दिलेलं वाक्य आहे, ‘देवश्चेद् वृष्टो निष्पन्नाः शालयः’. पाऊस पडला, की भात पिकलंच. शेतात अजून रोपं आहेत, पाऊस यायचा आहे, पण वाक्य पुरं झाल्याचं. शिराळ्याकडचा शेतकरी आभाळाकडे बघत ‘एवढा एक पाऊस झाला की भात साधलंच’ म्हणतो, ते हेच वाक्य, आणि ‘वृष्ट’, ‘निष्पन्न’ ही रूपंही आपल्या ‘ला’च्या पूर्वजांपैकीच.

पण ही केवळ संस्कृतच्या घरातली रीत असती तर शेजारी ती नसती. जतकडे कानडी बोलणारी घरं पुष्कळ. तिथे आत हाक मारली की आतून ‘बंदे, बंदे’ असं उत्तर येतं. ‘बंदे’ म्हणजे शब्दशः ‘आलो’, भूतकाळाचंच रूप. कानडी द्राविडी कुळातली, तरी बोलणाऱ्याची रीत तीच. हिंदीतला ‘अभी आया’ तर सगळ्यांच्या ओळखीचा.

रशियन भाषेचं उदाहरण जगाने ऐकलं आहे. १२ एप्रिल १९६१ रोजी यूरी गागारिन व्होस्तोक यानातून अवकाशात निघाला तेव्हा तो म्हणाला, ‘पोयेखाली!’ हे भूतकाळाचं अनेकवचनी रूप. अर्थ मात्र ‘चला, निघालो!’ असा. घरून निघतानाही रशियन माणूस ‘या पोशोल’ म्हणतो, ‘मी गेलो’, आणि बाई असेल तर ‘या पोश्ला’. पुरुषाला एक, बाईला दुसरं, अगदी गेलो-गेलेसारखं, कारण रशियन भूतकाळही जुन्या धातुसाधितातूनच आला आहे आणि त्यातही ‘ल’ आहे. हे दोन ‘ल’ एकच समजू नयेत. आपला प्राकृतातल्या ‘इल्ल’चा, त्यांचा जुन्या स्लाव्हिकमधला. वाट मात्र सारखी चालले. (आपल्या भागात पुष्कळ घरांत बायकाही स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, तेव्हा राजूची आज्जी ‘आलो बाळा’ म्हणाली तर तेही चूक समजू नका.)

चिनी भाषेत क्रियापदाला काळच नाही. काल, आज, उद्या हे शब्द घालायचे, क्रियापद जसंच्या तसं. पण क्रिया पुरी झाली किंवा स्थिती बदलली हे दाखवायला ‘ल’ असा एक छोटा शब्द शेवटी येतो. आणि तिथे हाक मारल्यावर काय उत्तर देतात? ‘लाय ल!’ ‘लाय’ म्हणजे येणं आणि ‘ल’ म्हणजे झालं. ज्या भाषेत भूतकाळाचं रूपच नाही, तीही ‘आलो’साठी पूर्णतेचीच खूण वापरते. ‘आलो’चा आत्मा काळात नाही, पूर्णतेत आहे, याचा मला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

मग इंग्रजीत ‘आय केम’ का चालत नाही? कारण तिथला साधा भूतकाळ घडून गेलेल्या वेळेला बराच घट्ट बांधलेला आहे. इंग्रज येण्याची हालचाल दाखवतो, ‘कमिंग’. तसं आपल्याकडेही ‘येतोय’ आहे, पण ‘येतोय’मध्ये मधला रस्ता दिसतो. ‘आलो’त तो पुसलेला असतो. इंग्रजीतही ‘इफ ही केम टुमारो’ म्हणतातच, तेव्हा तिथेही गाठ पूर्ण पक्की नाही.

बाजारात या रूपाचा आणखी एक उपयोग होतो. मंडईत भाजीवाली घासाघीस संपवताना म्हणते, ‘बरं, चाळीसला दिली, घ्या.’ मेथी अजून तिच्या हातात आहे. पण ‘दिली’ म्हणताक्षणी सौदा झाला. आता ती पन्नास मागू शकत नाही. ‘देईन’ म्हणाली असती तर सुटायला जागा होती. अरबीतही असंच आहे. खरेदी-विक्री पक्की करताना विकणारा ‘बिअ्तु’ म्हणतो, ‘विकलं’, आणि घेणारा ‘इश्तरैतु’, ‘घेतलं’. इस्लामी कायद्याच्या जुन्या ग्रंथांत या भूतकाळी रूपांवर बारकाईने विचार झाला आहे, कारण होणार म्हटलेला सौदा आणि झाला म्हटलेला सौदा यांत फरक पडतो. जपानी बाजारात विक्रेते ‘कत्ता, कत्ता!’ ओरडतात. शब्दशः ‘घेतलं, घेतलं’, अर्थ ‘घ्या, घ्या’.

तेव्हा ताई, मुलाला असं सांगा: ‘आलो’ हे रूप शाळेच्या भाषेत भूतकाळी, आणि राजूच्या वाक्यात त्याचा अर्थ लगेच येणाऱ्या भविष्याचा. दोन्ही एका ओळीत लिहावं. नुसतं ‘भविष्यकाळ’ लिहिलं तर ‘येईन’ला कुठे ठेवणार, हा प्रश्न उरतो. नुसतं ‘भूतकाळ’ लिहिलं तर राजूला आईपाशी पोचवल्यासारखं होतं. हे सगळं त्याला ऐकवायला जड जाईल. त्यापेक्षा एकदा सातारा स्टँडवर घेऊन जा. लांबून एसटी वळणावर दिसली की लोक पिशव्या उचलत ‘आली, आली’ म्हणतात. ती फलाटाला लागली की मागून येणाऱ्याला सांगतात, ‘आलीय, पळ.’ दोन्ही त्याच्या कानांनी ऐकू द्या.