भोंडल्यात भोकाड

मावशी,

मी चिंचवडला राहते, नोकरी करते. माझी मुलगी २३ महिन्यांची आहे. नवरात्र ते दिवाळी हे दिवस मला लहानपणापासून जीव की प्राण. गेल्या वर्षी ती अगदीच लहान होती, म्हणून यंदा सगळं साग्रसंगीत करायचं ठरवलं होतं. दुसऱ्या माळेला सोसायटीत भोंडला होता. हौसेने तिला जरीचं परकर-पोलकं शिवून घेतलं. तिथे गेल्या गेल्या तिने भोकाड पसरलं, पोलकं ओढून काढलं आणि मला जी चिकटली ती घरी येईपर्यंत सोडेना. शेजारीण म्हणाली, "फारच आईवेडी गं ही." सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तीन-तीन पोरं सांभाळून सगळे सण केले." नवरा म्हणतो, "एवढा त्रास होतो तर करू नकोस ना." वर त्याला येत्या रविवारी कासला जायचंय. पुढे दसरा, कोजागिरी, दिवाळी. पूर्वी दिवस मोजायचे, आता पोटात गोळा येतो. हल्ली जिना चढला तरी धाप लागते, इतकी दमलेय. तिच्याबरोबर हे दिवस मजेत जाणारच नाहीत का? की ती मोठी होईपर्यंत मी सण विसरायचे?

— दमलेली आई

दमलेल्या आई,

आधी त्या भोंडल्याचं बघू. तू वेळ लिहिली नाहीस, पण सोसायटीचा भोंडला साडेआठच्या आत सुरू होत नाही, सगळ्याजणी ऑफिसातून यायच्या असतात. म्हणजे तुझ्या लेकीची झोपायची वेळ. त्यात पाऊस परतल्यानंतरचा हा उकाडा, अंगात काखेत टोचणारी जर, कानाशी स्पीकर, आणि भोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या पंधरा-वीस बायका. तिच्या उंचीवरून तिला बायका दिसल्याच नसतील. दिसल्या असतील नुसत्या निऱ्या आणि गुडघे. अशा ठिकाणी दोन वर्षांचं मूल ओळखीच्या एका माणसाला घट्ट धरतं. तिने तेच केलं. ती आईवेडी असेल तर या वयात तशीच असावी, शेजारणीला काय वाटायचं ते वाटू दे.

आता तुझं. तुला जे दिवस जीव की प्राण वाटतात ते तुझ्या कितव्या वर्षीचे, आठव? दोन वर्षांची असतानाचे नक्कीच नाहीत. मोठ्या माणसांना आठवणारी पहिली आठवण बहुतेक तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. तुला आठवतं ते सात-आठ वर्षांच्या पोरीचं नवरात्र: मैत्रिणींबरोबर घरोघर हिंडायचं, गाणी तोंडपाठ, खिरापत ओळखायची चढाओढ. तो सण तू २३ महिन्यांच्या बाळाच्या अंगात घालायला बघतेयस. तो तिला होत नाही. पोलक्यासारखा तोही ती ओढून काढणार. तिला यंदाचं यातलं काहीही पुढे आठवणार नाही, हे ऐकून वाईट वाटून घेऊ नकोस. उलट त्याने तुझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरतंय बघ. फोटो नीट आला नाही, कोजागिरीला ती झोपली, तरी काही बिघडलेलं नाही. तिला ती-ती संध्याकाळ बरी जावी, एवढंच यंदाचं काम.

भोंडला सोडू नकोस, घरी आण. मुळात तो अंगणातलाच खेळ, स्पीकर मागाहून आला. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ती दुपारची झोप काढून ताजी असताना, मधे पाट ठेव आणि त्यावर खडूने हत्ती काढ. सोंड तिला काढू दे, ती कुठेही गेली तरी चालेल. सुती झबलं घाल. तू, सासूबाई आणि एखादी मैत्रीण, तीन बायका पुरे. सासूबाईंनी गाणी म्हणायची. तीन-तीन पोरं सांभाळून सण केलेल्या बाईला गाणी येतात, आणि ती विचारणारं घरात कोणी उरलेलं नसतं. त्यांचा टोमणा मला थोडा त्यातूनच आलेला वाटतो. (आणि तीन पोरं सांभाळायला त्यांच्या वेळी जावा, नणंदा, शेजारपाजार होता हे खरं असलं तरी आत्ता बोलून दाखवायची गरज नाही.) खिरापतीला मऊसर शिरा कर. डबा हलवून "ओळखा पाहू" हा भाग मात्र तिच्याकडे दे. रिकाम्या डब्यात दोन चमचे टाकून दिलेस तर ती अर्धा तास तोच खेळ खेळेल, तुम्ही कंटाळाल.

कासला या रविवारी जाऊ नका. साताऱ्यापुढचा घाट, सुट्टीची गर्दी, उन्हात चालणं आणि फुलं तोडायची नाहीत हा नियम. शेवटचा तर दोन वर्षांच्या मुलाला समजावणं अशक्य. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तुमची लेक पाच वर्षांची होईपर्यंत कुठे जात नाही. तिचं कास तुझ्या इमारतीखाली आहे. जवळपास कुणाकडे पारिजातक असेलच, आत्ता त्याचा बहर आहे. ती पहाटे सहाला उठून तुला उठवत असेल, तेव्हा चिडण्याऐवजी तिला वाटी देऊन खाली ने. पारिजातकाची फुलं रात्री उमलून पहाटे गळतात, म्हणजे तोडायची भानगडच नाही. ती एकेक फूल चिमटीत धरून वाटीत टाकेल, मग वाटी उलटी करेल, पुन्हा पहिल्यापासून. तुझा चहा तिथेच पिऊन होतो. फक्त अंगभर सुती कपडे असू देत. पाऊस संपतानाचे हे दिवस डेंग्यूचे, आणि तो डास दिवसा चावतो.

दसऱ्याला आपट्याची एकच लहान जुडी आणा. "आजीला सोनं दे, बाबाला सोनं दे" हे काम दोन वर्षांच्या मुलासाठीच कुणी काढलं असावं इतकं ते तिच्या मापाचं आहे. नेऊन देणं, परत आणणं, पुन्हा देणं. दारातल्या झेंडूच्या माळेचं जे काही होईल ते होऊ दे.

कोजागिरीचं सगळ्यात सोपं आहे आणि लोक उगाच अवघड करतात. दूध मध्यरात्रीच प्यायला हवं असं मनात बसलेलं असतं. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो. आपल्याकडे त्या दिवसांत सव्वासहाच्या आसपास सूर्यास्त होतो. सातला गच्चीवर गेलीस तर पूर्वेकडे इमारतींच्या वर चंद्र आलेला असेल, मोठा आणि पिवळसर. तिला तो मध्यरात्रीच्या डोक्यावरच्या चंद्रापेक्षा जास्त आवडेल, कारण मान वर करावी लागत नाही. तिच्या कपात वेलची आणि बदामाची पूड घातलेलं दूध दे, जायफळ नको. आणि कोजागिरीला घरच्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, ते चुकवू नकोस. गच्चीवर निघण्याआधी पाटावर बसवून औक्षण केलंस तर दोन मिनिटांत होतं. आठला ती झोपलेली असेल. मग तुम्ही दोघं पुन्हा गच्चीवर जा, सासूबाई खाली असतीलच. या सगळ्या महिन्यात तुमच्या दोघांचं असं काही तुझ्या पत्रात दिसलंच नाही, म्हणून सांगितलं.

"करू नकोस ना" म्हणणाऱ्या नवऱ्याबद्दल. त्याच्या मते तो तुझं ओझं कमी करतोय. तुला मात्र ऐकू येतं की हे सगळं तुझं एकटीचं खूळ आहे. भांडू नकोस, त्याला एक खातं पूर्ण देऊन टाक: किल्ला. "मदत कर" म्हणू नकोस, नाहीतर माती कुठली, पोतं कुठे हे तुलाच विचारत बसेल. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात बाल्कनीत दगड-विटा रचायच्या, त्यावर भिजलेलं पोतं, वर चिखल. लेकीने फक्त चिखल थापायचा आणि अळीव पेरायचे. अळीव ओले झाले की बुळबुळीत होऊन बोटांना चिकटतात. तिला आधी किळस येईल, मग ती बोटं तुझ्या गालाला पुसेल. तीन-चार दिवसांत हिरवी लव दिसायला लागते, आणि रोज सकाळी किल्ल्याला पाणी शिंपडायचं काम तिचं आणि बाबाचं. त्या वेळात तू अंघोळ कर, शांतपणे. मावळे मात्र मोठे आणा. मुठीत मावेल ते तोंडात जाणार.

दिवाळीत तीन गोष्टींत ढिलाई नको. चिवड्यातले शेंगदाणे, डाळं, काजू, खोबऱ्याचे काप हे तिला अख्खे द्यायचे नाहीत. चार-पाच वर्षांपर्यंत असा दाणा श्वासनलिकेत अडकायची भीती असते. पाहुणे कौतुकाने मूठ पुढे करतात, तेव्हा सरळ नाही म्हण. सीताफळ खूप खाऊ दे, पण बी काढून, तुझ्या हाताने. दुसरं, फुलबाजी तिच्या हातात नको, तू हात धरलास तरी नको. ती हजार अंशांच्या आसपास तापते, आणि विझलेली तारही भाजते. ती पाण्याच्या बादलीत टाकायची. कुठे भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही, आणि मग डॉक्टर. तिसरं, झोप. या वयाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास लागतात. रात्री फटाक्यांनी दोन तास गेले तर दुसऱ्या दुपारी ते तिला परत मिळाले पाहिजेत, कुणीही भेटायला येवो. फटाके वाजायला लागले की खिडक्या लावून, पंखा मोठा करून आतल्या खोलीत तिला मांडीवर घेऊन बस. "घाबरायचं नाही" असं तिला सांगू नकोस, ती घाबरलेलीच आहे. "मोठा आवाज झाला, आता थांबला" एवढं पुरतं. अभ्यंगस्नान सकाळी आठला, तेल आणि दुधात कालवलेलं डाळीचं पीठ. सूर्योदयापूर्वी न्हाण झालं नाही तर नरक, हा नियम दोन वर्षांच्या मुलांना लागू नाही, मी माझ्या जबाबदारीवर सांगते.

राहिलेलं फराळाचं विकत आण. सासूबाई एक काहीतरी घरी कर म्हणतील, तर तेवढं एक कर.

पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस की जिना चढताना धाप लागते. मला पत्रातली हीच ओळ सगळ्यात जास्त खटकली. लहान मूल आणि नोकरी म्हटलं की दमणूक असतेच, पण धाप लागणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. दसऱ्याच्या आधी डॉक्टरांना भेट, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. आणि "पोटात गोळा येतो" हे सणांपुरतंच आहे की एरवीही, सकाळी उठावंसंच वाटत नाही, सतत रडू येतं असं काही आहे, हेही त्यांना सांग. ते तुला विचारतील असं धरून चालू नकोस, आपणहून सांग. तेवढ्या वेळात लेक आजीकडे राहील. गोंधळ झालाच तर डबा आणि दोन चमचे आहेतच.

— मावशी