न उडणाऱ्या रेल पक्ष्यांचं वर्गीकरण: सुरुवात हिप्परग्यापासून करा

रेल म्हणजे पाणकोंबड्यांच्या कुळातले पक्षी. आधी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर जांभळी पाणकोंबडी नीट बघा: जाडजूड लाल चोच, कपाळावरची ढाल, लांबलचक बोटं. न्यूझीलंडचा न उडणारा ताकाहे हा हिच्याच पोर्फिरिओ प्रजातीतला (genus), फक्त जाती (species) वेगळी.

पंख तोकडे, उरोस्थीची (छातीच्या हाडाची) कड खुरटलेली, एवढ्यावरून दोन पक्षी एका गटात टाकू नका. नवशिके इथंच फसतात. शिकारी सस्तन प्राणी नसलेल्या बेटांवर ही लक्षणं स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा आली आहेत. दक्षिण अटलांटिकमधल्या इनॲक्सेसिबल बेटावरच्या चिमुकल्या रेलला अटलांटिसिया ही वेगळी प्रजाती दिली होती. २०१८ मध्ये डीएनए तपासून तिला अमेरिकेतल्या नातलगांसोबत लॅटरॅलस प्रजातीत टाकलं. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरची ग्वाम रेलही जुन्या पुस्तकांत गॅलिरॅलस, आता हायपोटेनिडिया. त्यामुळं वहीत जुनं नाव खोडू नका, शेजारी नवं लिहा. नाहीतर जुने संदर्भ शोधताना पंचाईत होते.