आधी कागद, मग काम

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. कळंगुटच्या गेस्टहाऊसवाल्यांना जीएसटीची नोटीस आली आणि 'सगळं तूच बघतेस ना?' म्हणत उत्तराचं काम त्यांनी तुझ्या गळ्यात मारलं. वडिलांचे मित्र, म्हणून फीचा विषय काढायला तुझी जीभ रेटत नाही. आता एंगेजमेंट लेटर, म्हणजे काम, फी आणि अटी ठरवणारं लेखी पत्र, पुढे केलं तर उद्धटपणा दिसेल का, असं विचारतेस.

दिसला तर दिसू दे. आधी कागद, मग काम.

ऑडिटसाठी हे तुला वेगळं सांगायला नको. एसए २१०, म्हणजे ऑडिटच्या अटी ठरवण्याचं मानक, तू आर्टिकलशिपमध्येच, सीएच्या उमेदवारीत, घोकलंस. अटी लेखी हव्यात, आणि हिशेबपत्रकं तयार करण्याची जबाबदारी ग्राहकाची स्वतःची, हे त्याने मान्य करायला हवं. पण रिटर्नचं काम म्हणजे ऑडिट नव्हे, म्हणून तिथे तू लेखी पत्राशिवायच काम घेतलंस. खरी गडबड तिथेच होते गं! ऑडिटची चौकट कायद्याने आणि मानकांनी आखून दिलेली असते; रिटर्न, नोटीस, बँकेचं सर्टिफिकेट यांची चौकट तुलाच आखावी लागते. १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो. पण वाद झाला की तू काय बोललीस आणि त्यांनी काय ऐकलं, हे कोण ठरवणार?

पत्र दीड पानाचं पुरे. 'करविषयक सर्व कामे' असं लिहिलंस की संपलंच. '३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं आयकर विवरणपत्र भरणे' असं लिही. त्याखाली स्पष्ट ओळ हवी: नोटिशीचं उत्तर, सुनावणी, अपील यात धरलेलं नाही; त्याची फी वेगळी ठरेल. कागदपत्रं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, फीवरचा जीएसटी वेगळा की फीतच, मध्येच काम सोडलं तर झालेल्या कामाचे किती, हेही लिही. आणि कोणी 'रिफंड आला की त्यातले टक्के देतो' म्हणाला, तर सरळ नाही म्हण. आपल्या सीएंच्या १९४९ च्या कायद्यात ते बसत नाही.

बाहेरच्या छापील नमुन्यात न सापडणारी एक बाब आपल्या गोव्यात आहे. इथल्या नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, तेव्हा आयकर कायद्याप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं होतं. खोल्या तो चालवतो, पण अर्धा नफा तिच्या रिटर्नमध्ये जातो. मग तुझा ग्राहक कोण? दोघंही. सह्या दोघांच्या घे. एकाने दिलेली माहिती दुसऱ्याला दाखवायची की नाही, तेही आत्ताच लिहून घे. घरात बिनसल्यावर ती फाइल मागायला आली आणि तो 'देऊ नका' म्हणाला, तर त्या वेळी सुचलेली अट कोण मानणार?

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा माझे ट्रकवाले, बार्जवाले अक्षरशः रस्त्यावर आले. रिटर्नपुरते ठरलेले लोक कर्जाची फेररचना, बँकेसाठीचे अंदाजपत्रक असली कामं घेऊन यायला लागले. मी रात्री बसून ती केली. फी कमी लावली, काहींना उधार ठेवली. पण प्रत्येकापुढे आधी नवं पत्र ठेवलं. 'माणूस बुडतोय आणि हा सही मागतोय,' असं लोक बोलले. बोलोत बापडे. त्यातले बहुतेक आजही माझ्याकडेच आहेत, आणि पैशांवरून कोणाशीही वाकडं आलेलं नाही.

माझ्या मावसभावाने मात्र सही केली नाही. 'घरच्या माणसाकडे कागद मागतोस?' म्हणाला. मी फाइल परत केली. तेव्हापासून चवथीला तो आमच्याकडे येत नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू! पण त्याचं काम कागदाविना घेतलं असतं, तर उद्या दुसऱ्या कोणाकडे कोणत्या तोंडाने सही मागितली असती? ओळख जितकी जवळची, तितका कागद आधी हवा. परक्याशी निदान हिशेब तरी उघड मागता येतो.

नोटिशीच्या उत्तराची तारीख आधी बघ. मग त्या काकांना भेटून नोटिशीपुरतं वेगळं पत्र दे, फीचा आकडा घालून. तो आकडा घालायला लाजू नकोस. सही होईपर्यंत पोर्टलवर एक अक्षरही टाईप करायचं नाही. त्यांनी नकार दिला तर मूळ कागद त्याच दिवशी पोच घेऊन परत कर, म्हणजे दुसरा सीए गाठायला त्यांना वेळ मिळेल. मसुदा आज रात्री पाठव. मी जागा आहे.